पाणी बंद करून ऐकलेला आवाज

साहेब, पाण्याच्या पाइपातला आवाज ऐकायला तुम्ही आलात आणि पहिली पायरी चढायच्या आधीच हुकूम सोडलात, "सगळ्यांचे नळ बंद करा. मला शांतपणे ऐकू द्या." तिन्ही मजल्यांवरचे नळ बंद झाले. धुणं थांबलं, भांडी थांबली, अंगाला साबण लावलेली माणसं तशीच उभी राहिली. मग आवाज येणार कुठून? वैद्यानं पेशंटला म्हणावं, "जरा काळीज थांबव, मला ठोके मोजायचेत," तसला हा प्रकार. तुम्हाला चुकून कळलं नाही असंही नाही. तुम्हाला कळून घ्यायचंच नव्हतं. तुम्ही चोर सोडलात आणि संन्याशाला फाशी दिलीत. पुढे काय घडलं ते तुमच्या फायलीत नाही, म्हणून इथे सांगावं लागतंय.

दुसऱ्या मजल्यावर शिवणताई राहते. नवरा मालट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. घरात ती, तिची सासू आणि मशीन. मशीन खिडकीखाली, कारण उजेड तिथेच पडतो. शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कुणाची सैल झालेली पँट, सगळं त्या खिडकीखाली. घर त्या मशीनच्या चाकावर चालतं. नवऱ्याचा पगार रस्त्यात कुठेतरी अडकलेला असतो, मशीन मात्र कधी अडकत नाही.

तीन महिन्यांपासून तिच्या संडासाच्या भिंतीत आवाज यायला लागला. धप्. मग जरा थांबून धप्-धप्. आणि मग तोंड दाबून कुणी रडावं तशी लांब घरघर. सासूनं इतका धसका घेतला की ती संडासाच्या दारावर टकटक करूनच आत जायची.

"आई, आत कोण असणार? आपण दोघीच तर आहोत."

"असूं दे. विचारलेलं बरं. आत कुणी असलं तर त्याला लाज वाटायला नको."

पहिल्या मजल्यावर मास्तर राहतात, निवृत्त शिक्षक. आवाज त्यांच्याही भिंतीत उतरायचा. त्यांनी तक्रार लिहिली: वरच्या घरात यंत्र आदळतं, दुपारपर्यंत वाचन होत नाही. त्यावरून तुम्ही आलात, नळ बंद करवलेत, मास्तरांच्या खुर्चीत बसलात आणि वर निरोप पाठवलात, मशीन चालवा. ताईनं चालवलं. खाली घरघर ऐकू आली. बंद करा. केलं. सगळं शांत. तुम्ही कागदावर लिहिलंत: मशीन चालू, आवाज आहे, मशीन बंद, आवाज नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण शीत तरी त्याच भांड्यातलं असावं की नाही?

दोन दिवसांनी नोटीस आली. आठ दिवसांत शिवणयंत्र खोलीबाहेर हलवावे, अन्यथा कार्यालय ते उचलून नेईल.

ताईनं नोटीस दोनदा वाचली, घडी घालून सुयांच्या डब्याखाली ठेवली आणि चपला घालून दातमिस्त्रीकडे गेली.

दातमिस्त्री तुम्हाला आठवतो ना, साहेब? तीस वर्षं तुमच्याच कार्यालयाचा माणूस. ज्या पंपांशेजारी त्याला बसवलंत त्या पंपांनीच त्याचे कान खाल्ले. मग तुम्ही त्याला काचेच्या खोलीत बसवून कानात बारीक शिट्ट्या वाजवल्यात, त्याला त्या ऐकू आल्या नाहीत, आणि मिस्त्र्यांच्या यादीतून त्याचं नाव खोडलंत. पण गावभर कुणाच्या पाइपात काही वाजलं तर लोक अजून त्याच्याकडेच जातात. का जातात ते पुढे येईलच.

तो ओट्यावर बसून जुन्या रबरी चकत्या लहानमोठ्या लावत होता. ताईनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायला सुरुवात केली.

त्याची बायको आतून आली. "ओरडू नकोस गं. ओरडलीस की तोंड वाकडं होतं, मग त्यांना वाचता येत नाही. समोर बस आणि सावकाश बोल."

ताई समोर बसली आणि सगळं सांगितलं. मिस्त्री तिच्या तोंडाकडे असा बघत होता, जशी ती गिऱ्हाइकाच्या खांद्याकडे बघते.

"आता आवाज काढून दाखव," तो म्हणाला.

"मी?"

"मग काय पाइप येणार आहे इथे? जसा येतो तसा काढ. लाजू नकोस. परवा एक बँकेचा मॅनेजर इथे बसून टाकीसारखा फुसफुसला."

ताईनं पदर सावरला, आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं, आणि केलं. "धप्. धप्-धप्. घुर्रर्रर्र."

"हातानं पण दाखव. कुठे जोर पडतो?"

तिनं मांडीवर थापट्या मारल्या. पहिली मोठी, पुढच्या दोन लहान.

"शेवटची घरघर किती वेळ?"

ताईनं विचार केला. "एक टाका घालून दोरा तोडेपर्यंत."

मिस्त्रीनं मान हलवली. "मग मशीन नाही. मशीन मोजून वाजतं. हे दचकून वाजतंय." थोडं थांबून त्यानं विचारलं, "साहेबांनी काय तपासलं?"

"नळ बंद करायला लावले आणि ऐकलं."

मिस्त्री बायकोकडे वळला. "मी बरोबर वाचलं ना? नळ बंद करायला लावले?"

"बरोबर वाचलंत," बायको म्हणाली.

आणि मग तो असा हसला की तोंडातले खालचे चार दात दिसले. तेवढेच त्याचे स्वतःचे उरलेत. सगळं दुकान त्या चार दातांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो आला. खांद्याला पिशवी, हातात हातभर लांब पेचकस, त्याची लाकडी मूठ चावून चावून गुळगुळीत झालेली. जिन्यात उभा राहून त्यानं सगळ्यांना सांगितलं, "कुणी शहाणपणा करायचा नाही. रोज या वेळेला जे करता तेच करा. पाणी हवं तेवढं वापरा."

पण माणसांना रोजच्यासारखं वागा म्हटलं की तेच नेमकं जमत नाही. कुणी नळ हळूच सोडला, कुणी भांडी अलगद ठेवली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तर नवी साडी नेसून धुणं धुवायला बसल्या.

"मिस्त्री, मी या वेळेला आंघोळ पण करते. ती करू का?"

"करा की. मी पाइपाला दात लावतो, दाराला नाही."

जिन्यात हशा पिकला, आणि मग इमारत हळूहळू खरोखरच रोजच्यासारखी वाजायला लागली.

मिस्त्री आधी गच्चीवर गेला. ताई मागोमाग, कारण तिला बघायचंच होतं. गच्चीवर संडासाच्या उभ्या नळाचं तोंड वर उघडं असतं. त्या तोंडावर रंगाचा रिकामा डबा पालथा घातलेला होता. मिस्त्रीनं डबा उचलला आणि पहिल्या मजल्यावर येऊन मास्तरांसमोर धरला.

"हा कुणाचा?"

मास्तर गोरेमोरे झाले. "गच्चीवर फिरताना वास येत होता. मी झाकला."

"आणि तेव्हापासून तुमच्या मोरीत कसं वाजतं? बुडबुड?"

"कुणी फ्लश केलं की. बुडबुड, बुडबुड. पण तुम्हाला कसं...?"

"संडासाला श्वास लागतो, मास्तर. पाणी खाली धावलं की मागून हवा यावी लागते. तुम्ही त्याच्या नाकावर डबा ठेवलात, मग तो तुमच्या मोरीतून श्वास घेतो. मोरीत वास अडवायला थांबवलेलं पाणी ओढून घेतो आणि वास उलट तुमच्याच घरात सोडतो."

वर्गात चाळीस वर्षं प्रश्न विचारलेल्या मास्तरांनी डबा त्याच्या हातातून घेतला आणि कचऱ्यात टाकला.

मग तिसरा मजला. वहिनींच्या संडासात त्यानं टाकीवर दात टेकवले आणि म्हणाला, "ही रात्रंदिवस सुंई करते ना? बारीक?" वहिनी म्हणाल्या, आम्हाला तर काही ऐकू येत नाही. त्यानं चिमूटभर नीळ मागितली, टाकीत टाकली आणि सांगितलं, कुणी फ्लश करू नका, चहा पिऊन या. चहा पिऊन सगळे परत आले तर खालचं भांडं निळं. कुणी हात लावला नव्हता, तरी टाकीतलं पाणी चोरपावलांनी खाली उतरत होतं. कान शाबूत असलेल्या चार माणसांना जे कधी ऐकू आलं नाही ते बहिऱ्यानं ऐकलं होतं. वहिनींच्या डोळ्यांत ताईला जे दिसलं ते तिला स्वतःच्या पोटातही वाटत होतं. देवासमोर हात जोडताना वाटतं ते नाही. चांगला शिवलेला कोट उलटा करून आतून बघताना वाटतं ते.

आणि मग दुसरा मजला, ताईचं घर.

मिस्त्री संडासात उकिडवा बसला. पेचकसचं टोक भिंतीतून निघालेल्या पाइपावर ठेवलं, मूठ त्या चार दातांत धरली, डावा तळवा भिंतीवर पसरला आणि डोळे मिटले. ताई दारात उभी. ती कापडाचा धागा उभा की आडवा हे बघायला डोळे मिटून बोटं फिरवते, तसाच त्याचा चेहरा झाला होता. वर वहिनींनी बादली भरली आणि नव्या नळाचा दांडा एका बोटानं खटकन खाली पाडून पाणी बंद केलं.

धप्. धप्-धप्. घुर्रर्र.

मिस्त्रीचं डोकं प्रत्येक धक्क्याबरोबर हललं. त्यानं डोळे उघडले, उठला आणि भिंतीतलं पाइपांच्या कपाटाचं छोटं पत्र्याचं दार पेचकसनं उचकटलं. आत बॅटरी मारली.

"बघ इथे."

ताईनं वाकून बघितलं. गच्चीवरून खाली जाणारा पाण्याचा उभा पाइप हवेत लटकल्यासारखा उभा होता. त्याला भिंतीशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या नव्हत्या. पट्ट्यांची भोकं मात्र होती, व्यवस्थित रंग मारलेली.

"इमारत कधी रंगवली?"

"तीन महिने झाले. तेव्हाच हे नवे नळ पण बसवले कार्यालयानं."

"रंगवणाऱ्यांनी पट्ट्या काढल्या, भोकं रंगवली, पट्ट्या परत लावल्या नाहीत." त्यानं पाइप बोटानं ढकलला, तो हलला. "हे बघ, धावत्या माणसाच्या तोंडावर दार आपटलं तर तो दारावर आदळतो ना? पाण्याचं तेच. जुना नळ पिळून पिळून बंद व्हायचा, पाण्याला थांबायला वेळ मिळायचा. हा नवा एका फटक्यात बंद. पाणी आदळतं, पाइप उडतो, आणि धरायला कुणी नाही म्हणून तुझ्या भिंतीला धडका देतो."

"मग मी शिवत असतानाच का वाजतं?"

"तू शिवतेस कधी?"

"दहा ते एक. तेवढाच उजेड चांगला असतो."

"आणि वरची धुणी कधी?"

ताईनं बोटांवर तास मोजले. दहा ते एक. तीन महिने ती एका घड्याळाची शिक्षा भोगत होती.

"मशीनवर जाऊन बस," मिस्त्री म्हणाला. "हात मांडीवर ठेव. चालवू नको." मग जिन्यात जाऊन वर ओरडला, "वहिनी, नळ पाडा!"

धप्. मशीन गप्प, भिंत बोलली. मास्तर दारात येऊन उभे होते, त्यांनीही ऐकलं. मिस्त्रीनं कपाटात हात घालून पाइप घट्ट धरला. "पुन्हा पाडा!"

काही नाही. फक्त वर बादली सरकल्याचा आवाज.

"अगं बाई," सासू म्हणाली, "धरलं की गप्प! माझ्या लेकासारखंच."

मिस्त्रीनं पिशवीतून पट्ट्या काढल्या, ताईच्या टोपलीतल्या जाड पँटच्या कापडाची घडी पाइपामागे सारली आणि स्क्रू आवळले. त्या दिवशी दुपारी सासू पहिल्यांदा दार न वाजवता आत गेली. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "माझी तक्रार चुकीच्या घरावर गेली. मी दुरुस्ती लिहितो." आणि त्यांनी लिहिली, कारण सगळं सांगून, खाली सही करून, त्याच संध्याकाळी.

तुमचं उत्तर तीन दिवसांत आलं. एवढ्या झटपट तुम्ही कधीच लिहीत नाही, साहेब. "सदर व्यक्तीस श्रवणदोषामुळे यादीतून वगळण्यात आले असल्याने आवाजाविषयीचा तिचा अभिप्राय ग्राह्य धरता येत नाही. नोटीस कायम." अंगण वाकडं निघालं, पण नाचणारा कोण होता ते तुम्ही लिहिलं नाहीत.

आठव्या दिवशी तुमचा कारकून आला. सोबत हातगाडीवाला. ताई मशीनवर बसून गणवेशाच्या बाह्या जोडत होती. मिस्त्रीही तिथेच होता, कारण तिनं त्याला बोलावून घेतलं होतं. कारकून भिंतीजवळ उभा राहिला, ऐकत राहिला. भला माणूस, पण नोकरीला घाबरलेला.

"आवाज तर नाही," तो म्हणाला. "म्हणजे मी लिहितो, नोटिशीमुळे आवाज थांबला. मशीन न्यायचा हुकूम मात्र आहेच."

"अहो, मशीन तुमच्या नाकासमोर चालू आहे!" ताई म्हणाली.

"दिसतंय मला. पण ते लिहायला रकाना नाही."

ताईनं पायडल सोडलं आणि मिस्त्रीसमोर जाऊन उभी राहिली, त्याला तोंड दिसेल अशी. "पट्ट्या काढा."

"झालेलं काम मोडू?"

"गिऱ्हाइकाला अस्तर दाखवायचं तर शिवण उसवावीच लागते. काढा."

मिस्त्रीनं पिशवी उघडली. मग त्यानं स्क्रू सोडवले, कापडाची घडी काढली आणि पेचकस कारकुनाच्या हातात दिला. "मी बहिरा ना? माझं ग्राह्य नाही. तुमचे कान चांगले आहेत. धरा दातांत."

कारकुनानं मूठ रुमालानं पुसली, पुन्हा पुसली, आणि नाइलाजानं चावली. टोक पाइपावर टेकलं तसे त्याचे डोळे मोठे झाले. भिंतीच्या आतली सगळी इमारत त्याच्या कवटीत उतरली होती. वर कुणीतरी हात धूत होतं, टाकी भरत होती, कुठेतरी थेंब पडत होता, आणि खाली मास्तरांच्या मोरीतून पाणी गुपचूप निघून जात होतं. तो श्वास धरून ऐकत राहिला, जसं नवीन गाव दिसल्यावर माणूस बघत राहतो.

मग वहिनींनी नळ पाडला.

कारकुनानं पेचकस थुंकलाच. जबडा धरून तो खाली बसला. हातगाडीवाला पाणी आणायला धावला, सासूनं विचारलं, "लागलं का रे बाळा?"

"साहेबांनी हे ऐकलंय?" कारकुनानं विचारलं.

"साहेबांनी पाणी बंद केलं होतं," ताई म्हणाली.

तो जबडा चोळत उठला. मग इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून उभ्यानंच लिहायला लागला. पट्ट्या, रंगवलेली भोकं, नवे नळ, मशीन बंद असताना आलेला आवाज, सगळं. मिस्त्रीला त्यानं दोनदा विचारलं की पाणी आदळतं याला तुम्ही काय म्हणता, आणि तो म्हणाला तसंच लिहिलं. छापील कागदावर रकाना नव्हता तर मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. निघताना मिस्त्रीच्या पाया पडल्यासारखा वाकला, पण पेचकस उचलून त्याच्या हातात दिला एवढंच.

"मशीन आज नेत नाही," तो ताईला म्हणाला. "पण नोटीस रद्द करायची सही माझी नाही. साहेबांची आहे."

मिस्त्रीनं पट्ट्या पुन्हा आवळल्या. हातगाडी रिकामी गेली.

याला आता तेवीस दिवस झाले, साहेब. तुमचा स्वतःचा माणूस स्वतःच्या दातांनी ऐकून आलाय. त्याचा कागद तुमच्या टेबलावर आहे, मागची बाजूही वाचायची असते. तुम्ही मूग गिळून बसलात. तिकडे शाळा उघडायला तीन आठवडे उरलेत. गणवेशाचे तागे ताईच्या घरात भिंतीला लावून उभे आहेत. कापड एकदा कापलं की त्याचा परत तागा होत नाही. अर्ध्यात मशीन गेलं तर दीडशे पोरांचे गणवेश तुकड्यांत पडून राहतील. आणि कापलं नाही तर ते काम दुसरीकडे जाईल, आणि पुढच्या वर्षी परत येणार नाही. रोज सकाळी ती ताग्यावर खडूनं रेघा मारते आणि संध्याकाळी ब्रशनं झटकून टाकते.

माफी नको. मिस्त्रीला काय द्यायचं ते तुम्ही आणि तुमची काचेची खोली बघून घ्या. ताईला एकच उत्तर हवंय आणि तेही लेखी हवंय: तिनं कापड कापायला घ्यायचं की नाही?